चर्चची प्राथमिक शाळा चांगली की नाही, हे दुसरीच्या वर्गात कळतं

काळाचौकीला राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगी सव्वातीन वर्षांची, जन्म नोव्हेंबरचा. येत्या जूनला तिला ज्युनिअर केजीत घालायचं आहे. घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, माझगावच्या अंगाला, चर्चच्या आवारात शाळा आहे. इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ, फी झेपण्यासारखी. सासूबाई म्हणतात, कॉन्व्हेंट आहे ना, मग डोळे झाकून घाला. नणंद त्याच शाळेत शिकलेली, तिचं म्हणणं, आता पूर्वीचं काही उरलं नाही, एकेका वर्गात पन्नासच्या वर पोरं बसवतात. घरात सगळे मराठीच बोलतात. नवऱ्याचा कल आयसीएसईकडे, वेळ पडली तर कर्ज काढून. तर शिक्षणाचा दर्जा खरोखर कसा असतो?

ताई, अशाच एका शाळेच्या प्राथमिक विभागात मी ३१ वर्षं टीचर होते, त्यातली शेवटची सात वर्षं सुपरव्हायजर. मी ख्रिश्चन नाही. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही सांगणार आहे.

आधी सासूबाई आणि नणंद दोघींचा हिशेब मिटवते. दोघी बोलताहेत ती शाळेच्या नावाबद्दल, आणि नाव होतं दहावीच्या निकालावर. गेटवर फ्लेक्स लागतो तो नव्वद टक्केवाल्यांचा. त्या निकालात शाळेचा वाटा किती, क्लासचा किती आणि घरचा किती, हे कोण वेगळं काढणार? शिवाय दहावीचं यश बारा वर्षांनंतरचं. तुमच्या मुलीला लागणार आहे ती पुढच्या चार-पाच वर्षांतली शाळा, आणि तिच्याबद्दल फ्लेक्सवर काहीच नसतं. एकाच आवारात, एकाच क्रॉसखाली, हायस्कूल उत्तम आणि प्राथमिक यथातथा, असं मी पाहिलं आहे. उलटंही पाहिलं आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. मी तेव्हा दुसरीला शिकवत होते, वर्गात ७२ मुलं. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याची वही बघावी तर डोळे निवावेत. कर्सिव्ह अगदी छापल्यासारखं, समास सोडलेला, तारीख अधोरेखित, खाडाखोड नाही. दर आठवड्याला मी त्याला लाल स्टार द्यायचे आणि ओपन डेला त्याच्या आईला म्हणायचे, काही काळजी नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी घाईत कुणी हाताशी नव्हतं म्हणून त्याला नोटीस वाचायला दिली. सहा ओळींची. तो कागदाकडे बघत उभाच राहिला. मग कळलं, त्याला एक शब्द वाचता येत नव्हता. फळ्यावरची अक्षरं तो चित्रं उतरवावीत तशी उतरवत होता, आणि पाच महिने मी त्या चित्रांना स्टार देत होते.

चर्चच्या शाळांचं बळ आणि दुखणं दोन्ही त्या वहीत आहे. शिस्त, नेटकेपणा, वेळेवर काम, शांत वर्ग, ही त्यांची परंपरा आणि ती खरी आहे. कुठल्याही गरीब-मध्यमवर्गीय घराला तिचं मोल वाटणारच. पण शिस्तीखाली न येणं झाकलं जातं. गोंगाट करणाऱ्या वर्गात मागे पडलेलं मूल निदान मस्ती तरी करतं, म्हणून सापडतं. शांत वर्गात ते हाताची घडी घालून बसतं आणि वर्षानुवर्षं सापडत नाही.

म्हणून मी आता कुणी विचारलं की एवढंच सांगते: त्या शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या मुलाला न शिकवलेला उतारा वाचायला द्या. शाळा काही तुम्हाला वर्गात शिरू देणार नाही, पण तुमच्याच चाळीत, गल्लीत त्या शाळेची मुलं असतील. हुशार मूल निवडू नका, साधं निवडा. पाठ्यपुस्तकाचा शेवटचा, अजून न झालेला धडा उघडा आणि चार ओळी वाचायला सांगा. मग विचारा, यात काय झालं? उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. गणितासाठी हातच्याची एक वजाबाकी द्या, ४३ वजा १७. ‘प्रथम’ ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था १९९५ मध्ये मुंबईतल्याच झोपडपट्ट्यांतून सुरू झाली. ‘असर’ म्हणून तिचं जे सर्वेक्षण निघतं ते गावांतलं असतं, पण त्याची पट्टी अशीच साधी: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ती पट्टी घरी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. अशी चार-पाच मुलं बघितलीत की फ्लेक्सपेक्षा जास्त कळेल.

प्रगतिपुस्तकावर मात्र जाऊ नका. आपल्याकडे २०१० पासून आकारिक (वर्षभराच्या नोंदींचं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिकाचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०. कल्पना चांगली होती: वर्षभर मूल काय बोलतं, करतं, बनवतं ते बघायचं. पण पन्नास मुलांच्या नोंदी ठेवणारी टीचर मार्चमध्ये रजिस्टर भरायला बसते तेव्हा श्रेणी कशा पडतात ते मला विचारा. सगळेच अ-१, नाहीतर अ-२.

आता वर्गातल्या पटाबद्दल. नणंद म्हणते ते चूक नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. मुंबईतल्या जुन्या चर्च शाळांत मात्र एका तुकडीत पन्नास-साठ मुलं कित्येक वर्षं चालत आली आहेत. पण ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे मला पटत नाही. पूर्वी माझ्याकडे ७२ होती हो! पट जास्त म्हणून शाळा बाद करायची तर परवडणाऱ्या फीतली अर्धी मुंबई बाद होईल. त्याऐवजी हेडमिस्ट्रेसना दोन प्रश्न विचारा. पहिलीचा वर्ग कुणाकडे देता? आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाचं काय करता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. पुष्कळ शाळांत नवी लागलेली, हंगामी, मॅनेजमेंटने तुटपुंज्या पगारावर नेमलेली टीचर पहिलीला जाते, कारण पहिलीला काय, एबीसीडी तर शिकवायची! आणि अनुभवी टीचर चौथीला, म्हणजे पाचवीत जाणारी मुलं चांगली दिसावीत. हा उलटा कारभार आहे. वाचायला शिकवणं हे प्राथमिकातलं सगळ्यात अवघड काम, ते सगळ्यात मुरलेल्या हातात हवं. ज्या शाळेत हेडमिस्ट्रेस अभिमानाने सांगते की आमची पहिलीची टीचर वीस वर्षं पहिलीलाच आहे, तिथे मी माझी नात घालीन.

दुसऱ्या प्रश्नावर ‘आम्ही पालकांना बोलावून सांगतो’ असं उत्तर आलं तर समजा की मागे पडलेलं मूल तुमच्याकडेच परत येणार, म्हणजे ट्यूशनला जाणार. ‘शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबवतो’, ‘अमुक टीचर वाचनाचा वेगळा गट घेते’, असं काही ठोस आलं तर कान टवकारा. मी सुपरव्हायजर झाल्यावर आम्ही दुसरीतली न वाचणारी मुलं सकाळी अर्धा तास आधी बोलवायला लागलो. सिस्टरने चर्चच्या हॉलची किल्ली दिली. पैसे नव्हते, चटया होत्या. मार्चपर्यंत बहुतेक मुलं वाचायला लागायची. जी लागत नसत त्यांचे डोळे, कान किंवा घर तपासावं लागे, आणि बऱ्याचदा चष्माच निघायचा.

सिस्टरवरून आठवलं. ‘कॉन्व्हेंट’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर वर्गावर्गांतून फिरणाऱ्या नन्स असतात. आता वर्ग घेणाऱ्या नन्स फार थोड्या. बहुतेक टीचर तुमच्या-माझ्यासारख्या, लोकलने येणाऱ्या. मॅनेजर फादर बदलले की शाळेची हवा थोडी बदलते, हेडमिस्ट्रेस बदलली की पुष्कळ बदलते. तेव्हा या बाई अजून किती वर्षं आहेत, हे गेटवरच्या शिपायाला विचारायला लाजू नका. त्याला सगळं ठाऊक असतं.

भाषेवर जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घरात मराठी आहे आणि तुम्हाला ती अडचण वाटते आहे असं पत्रावरून दिसतं.

कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, हे समीकरण मागाहून आलेलं. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली, आणि दोन वर्षांत त्यांनी शाळा काढल्या त्या मराठी शिकवणाऱ्या. मुलींसाठी त्यांची शाळा १८२४ मध्ये इथेच सुरू झाली, पुण्याच्या भिडे वाड्याच्या चोवीस वर्षं आधी. गोराई, उत्तन या पट्ट्यात आजही चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, मराठीतून होते. चर्च आणि मराठी यांचं इथे वाकडं नव्हतं. वाकडं आलं ते आपल्याच हौसेने. मी अगदी सुरुवातीला ज्या शाळेत होते तिथे वर्गात मराठी शब्द निघाला की नाव लिहून चार आणे दंड घेत. पालक तक्रार करत नसत, उलट खूश असत. आणि वर्ग? वर्ग मुका असे. ज्या मुलाला ‘मला कळलं नाही’ एवढंच म्हणायचं आहे, त्याला ते इंग्रजीत येत नसेल तर ते गप्प बसतं. गप्प बसलेलं मूल शिकत नाही.

तेव्हा शाळेत गेलात की हे बघा: केजीतलं मूल मराठीत किंवा हिंदीत काही सांगायला लागलं तर टीचर काय करते? चांगली टीचर ते ऐकते, होकार भरते आणि तेच वाक्य सोप्या इंग्रजीत म्हणून दाखवते. वाईट टीचर म्हणते, ‘स्पीक इन इंग्लिश.’ यापेक्षा नेमकी परीक्षा मला तरी माहीत नाही.

राज्याच्या २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं आहे. चर्चच्या शाळांतही आहे, पण ते कुणाच्या गळ्यात पडतं ते विचारा. तास मोकळा असलेल्या टीचरकडे मराठी ढकलणाऱ्या शाळा आहेत. पहिलीतून हिंदी आणण्यावरून २०२५ मध्ये जो गदारोळ झाला आणि सरकारने जूनअखेर ते आदेश मागे घेतले, त्यात सगळे तिसऱ्या भाषेवर भांडत होते. वर्गातल्या पुष्कळ मुलांना पहिली भाषाही वाचता येत नाही, हे कुणी बोललं नाही.

घरची मराठी ही अडचण नाही, भांडवल आहे, पण ते वापरलंत तर. मराठीत ‘क’ला काना दिला की ‘का’, आज आणि उद्याही. अक्षर म्हणजे आवाज, ही किल्ली मुलाला मराठीतून पटकन सापडते. इंग्रजीत ‘सी’ कधी ‘क’, कधी ‘स’. ज्या मुलांना घरी आजी-आजोबांनी मराठी वाचायला लावलं ती इंग्रजी वाचनातही लवकर सुटली, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. आकड्यांचं मात्र सांभाळा. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी म्हणतो, वीस नंतर, आणि मूल ५२ लिहून मोकळं होतं. इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’ला तो घोळ नाही. पण मग चौथीतल्या मुलीला भाजीवाला ‘पंचेचाळीस’ म्हणाला की ती तोंडाकडे बघते! दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून शिकवा, बाजारात शिकवा.

धर्माचं पटकन सांगते, कारण विचारलं नसलंत तरी घरात कुणीतरी कुजबुजणारच. असेंब्लीत प्रार्थना असते, भिंतीवर क्रॉस असतो, डिसेंबरात नाताळचा गोठा मांडतात. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षण, अशी विभागणी असते. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. मुंबईच्या या शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिश्चन नसतातच. माझ्या वर्गात गणपतीच्या सुट्टीनंतर मोदकांवर निबंध यायचे, तेही चुकीच्या स्पेलिंगांत.

पैशाचं नीट समजून घ्या. केजीला सरकारी अनुदान नसतं, त्यामुळे केजीची फी बघून पुढचा अंदाज बांधू नका. प्राथमिक विभाग अनुदानित असेल तर पहिलीपासून फी बरीच उतरते, विनाअनुदानित असेल तर उतरत नाही. ‘प्रायमरी एडेड आहे का?’ हा प्रश्न थेट विचारा. हायस्कूल अनुदानित आणि प्राथमिक विनाअनुदानित असंही असतं, कारण मुंबईत खाजगी प्राथमिकचा कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि माध्यमिकचा राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे. केजीत प्रवेश म्हणजे पहिलीत प्रवेश पक्का का, हेही विचारून घ्या. फी ठरवण्यात पालकांचा हात असावा म्हणून २०११चा शुल्क कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर पालक सोडतीने निवडले जातात, हेडमिस्ट्रेसच्या मर्जीतले नव्हे. ‘डोनेशन’ मागितलं तर पावती मागा. पावती देत नाहीत तिथे काय ते समजा. १९८७च्या कायद्याने कॅपिटेशन फी हा या राज्यात गुन्हा आहे. आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांच्या लॉटरीची वाट बघू नका. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि अनुदानितांना २०१४ मध्ये शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं आहे. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या २०१४च्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवलं. पण त्याच्या आशेवर तुमचा जून थांबणार नाही. जागा भरताना पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, कॅथलिक मुलांना आधी घेतात. तो त्यांचा हक्क आहे, त्याचा राग धरू नका, फॉर्म लवकर भरा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत, ती मी फीच्याही वर ठेवीन: मैदान. मुंबईत आज नवी शाळा निघते ती टॉवरच्या दोन मजल्यांवर, नाहीतर पोडियमवर. जुन्या चर्चच्या आवारात माती असते, झाड असतं, पळायला जागा असते. सहा वर्षांच्या मुलीने रोज वीस मिनिटं पळणं ही चैन नाही. मात्र मैदान आहे म्हणून मुलं खेळतातच असं नाही. कित्येक आवारांत आता गाड्या लागतात. मधल्या सुट्टीच्या वेळेला फाटकाबाहेर उभ्या राहा आणि बघा. त्याच फेरीत मुलांचं पिण्याचं पाणी आणि मुलींचं टॉयलेट कसं आहे ते एखाद्या मोठ्या मुलीला विचारा. ‘आम्ही घरी जाऊनच जातो’ असं ती म्हणाली तर बाकी सगळं चांगलं असूनही मी दोनदा विचार करीन.

वेळही विचारा. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. पण एका इमारतीत दोन पाळ्या असल्या की प्राथमिकच्या वाट्याला दुपार येते. दुपारी चारला पहिलीतल्या मुलांचे डोळे मिटत असतात. वाचनाचा तास तेव्हा लावणारी शाळा आणि जेवणानंतर लगेच लावणारी शाळा, यांत वेळापत्रकाच्या एका चौकोनाचा फरक, पण मुलांच्या वाट्याला फार वेगळं येतं.

तुमच्या नवऱ्याला माझा निरोप द्या. आयसीएसईची पुस्तकं जाड असतात, इंग्रजी जड असतं, आणि ते पेलायला घरात इंग्रजी बोलणारं माणूस लागतं, नाहीतर पहिलीपासून ट्यूशन. कर्जाचा हप्ता, व्हॅनचे पैसे आणि ट्यूशन यांची बेरीज एकदा कागदावर मांडा. चालत पंधरा मिनिटांची शाळा म्हणजे रोज तासभर तरी तुमच्या मुलीच्या पदरात. त्या तासात आजोबांनी तिला गोष्ट वाचून दाखवली तर मी तरी मंडळाची चर्चा करणार नाही. वर सांगितलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं बरी आली आणि गल्लीतली चारपैकी तीन मुलं उतारा वाचू शकली, तर माझं मत चर्चच्या शाळेला. वाचू शकली नाहीत, तर शाळेचं नाव कितीही जुनं असो, दुसरी बघा. त्यात महापालिकेची शाळाही बघा, तोंड वाकडं करू नका.

आणि मुलगी नोव्हेंबरची आहे, त्याबद्दल. आपल्याकडे वयाची अट ३१ डिसेंबरला मोजतात, म्हणून नियमाने ती यंदा बसते. पण मग पहिलीला जाताना ती साडेपाच वर्षांची असेल आणि वर्गातल्या काही मुली तिच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठ्या असतील. त्या वयात दहा महिने म्हणजे पुष्कळ. ‘स्लो’ असा शेरा घेऊन माझ्यासमोर आलेल्या मुलांच्या जन्मतारखा मी एकदा सहज मांडून बघितल्या, तर बरीचशी ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरची निघाली. फॉर्म आणायला जाल तेव्हा ऑफिसात विचारा, पुढच्या वर्षी ज्युनिअरला घेतलं तर चालेल का. बहुतेक ठिकाणी चालतं. एक वर्ष बालवाडीत जाऊ दे तिला, फी वाचेल आणि पेन्सिल धरायची घाईही होणार नाही.